माळ रिकामा नव्हता, साहेब

मा. जिल्हाधिकारी साहेब,
सविनय नमस्कार.

आमच्या गावच्या गायरानातले आणखी ७० एकर सौर प्रकल्पाला देण्याचा प्रस्ताव सध्या आपल्याकडे आहे. त्यावर हरकत म्हणून मी दोनदा अर्ज दिला. दोन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही आलेलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आधी एक कबुली. पहिल्या ६० एकरांना ‘ना हरकत’ देणारा ठराव झाला तेव्हा मी ग्रामपंचायत सदस्य होते, आजही आहे, आणि त्या ठरावावर माझी सही आहे. मला कुणी दमदाटी केली नाही, कुणी पैसे देऊ केले नाहीत. ठरावात लिहिलं होतं, ‘सदर जागा पडीक व विनावापर असल्याने’. मी ते वाचलं होतं. त्याच सकाळी त्या विनावापर जागेतून माझ्या शेळ्या वळवून घरी आणल्या होत्या. तरी सही केली. कागदावर असंच लिहायचं असतं, असं आम्ही सगळेच धरून चालतो.

गावाचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, ते अर्जावर आहे. अमुक गावात काळवीट दिसतात असं कुठं छापून आलं की शनिवार-रविवारी गाड्या थेट माळावर चढतात आणि पोरं कळपामागं गाडी पळवून व्हिडिओ काढतात. एवढंच सांगते की भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात आमचं गाव आहे. कालवा आमच्यापासून सहा किलोमीटरवर थांबतो. तिथवर ऊस आहे आणि उसाच्या मागून आलेला बिबट्या आहे. आमच्याकडे ज्वारी, हरभरा, तूर, थोडी बाजरी, आणि माळ.

तो माळ १८० एकरांचा. वरवर बघाल तर मुरूम आणि वीतभर माती, मधे मधे हिवर, बोर, तरवड. २०१८ साली १३ कोटी झाडांची मोहीम होती, तेव्हा त्यातले ३० एकर वृक्षलागवडीला गेले. पुढे ६० एकर सौर प्रकल्पाला. आता ७० मागितले आहेत. जे २० उरतील त्यात स्मशानभूमी आहे, दगडखाणीचा खड्डा आहे आणि गावाचा कचरा आहे. तिथं चरायला काय मिळेल ते आपणच बघा.

माझी पहिली तक्रार पाहणीची आहे. या ७० एकरांची पाहणी झाली एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, अर्ध्या तासात. फायलीला जोडलेले फोटो मी पाहिले. उघडा मुरूम, एक वाळलेलं झुडूप, लांबवर कुणी नाही. फोटो खोटे नाहीत. एप्रिलमध्ये आमचा माळ तसाच दिसतो. पण ज्वारीचं रानही एप्रिलमध्ये तसंच दिसतं, म्हणून त्याला कुणी पडीक म्हणत नाही. आषाढात दोन पाऊस झाले की हाच मुरूम आठ-दहा दिवसांत हिरवा होतो. पवना येतो, मारवेल येतो, शेडा येतो, उतारावर कुसळी. श्रावणात गवत गुडघ्याला लागतं. अश्विन-कार्तिकात ते पिवळं पडतं, आणि तेव्हा त्यातून चालून आलं की लुगड्याला लागलेली कुसळं काढत रात्र जाते. माळ वर्षातून चार-पाच महिने पिकतो. फक्त त्याची पेरणी कुणी करत नाही, म्हणून त्याची नोंदही कुणी करत नाही.

ही नोंदीची खोड आमच्या तालुक्यापुरती नाही. देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह केंद्र सरकार काढतं. २०१९ च्या आवृत्तीत देशाची जवळपास १७ टक्के जमीन पडीक धरलेली आहे, म्हणजे साडेपाच कोटी हेक्टरांहून जास्त. त्यात आमच्यासारखे कितीतरी झुडपी माळ येतात. सारा येत नाही ती जमीन पडीक, हा इंग्रजांच्या वेळचा हिशोब. इंग्रज गेले, हिशोब राहिला.

आता चार महिन्यांचा माळ कुणाला लागतो ते सांगते, कारण फायलीत त्यांचा शब्दही नाही.

आमच्या गावात आणि शेजारच्या दोन वाड्यांत मिळून धनगरांची पंचवीसेक घरं आहेत, मेंढरांवर जगणारी. दिवाळी झाली की त्यांचे वाडे, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाडं, उठतात. कुणी बागायत पट्ट्यात उतरतं, कुणी घाट ओलांडून कोकणात जातं. पावसाच्या तोंडावर सगळी परत येतात, कारण कोकणातल्या पावसात मेंढी टिकत नाही, खूर सडतात. आणि परत येऊन मेंढ्या चारायच्या कुठं? आषाढ ते अश्विन सगळी रानं पिकात असतात. बांधावर मेंढी गेली तरी भांडण. त्या चार महिन्यांत त्यांना एकच जागा असते, ती म्हणजे गायरान. बाकीचे आठ महिने गायरान नसलं तरी ते कसंही निभावून नेतात, हे चार महिने नाही. आणि आपले लोक जागा बघायला आले तेव्हा ते दीडशे-दोनशे किलोमीटरवर, घाटाखाली होते. ग्रामसभाही तेव्हाच झाली. पंचवीस घरांतलं एकही माणूस त्या ग्रामसभेला नव्हतं, आणि आमच्यापैकी कुणाला ते खटकलं नाही.

जून २०२४ मध्ये ते परत आले तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. पुढे दोन घोडी, त्यांच्यावर बोचकी, बोचक्यांवर कोंबड्या आणि एक वर्षाचं पोर बांधलेलं. मागे मेंढ्या. नेहमीच्या वाटेनं ते वर आले आणि जाळीपुढे थांबले. पहिल्या ६० एकरांचं कुंपण उभं राहून तेव्हा दोन महिने झाले होते. मेंढ्या जाळीला नाक लावून उभ्या राहिल्या, मागच्या पुढच्यांवर चढायला लागल्या. आतला राखणदार पोरगा शिट्टी वाजवत आला. त्यांच्यातले म्हातारे मामा मला ओळखतात, माझ्या रानात त्यांनी कितीदा मेंढ्या बसवल्या आहेत. त्यांनी मला लांबून पाहिलं आणि विचारलं, “ताई, हे कधी झालं?” मी म्हणाले, एप्रिलमध्ये. सहीचं काही बोलले नाही.

त्या वर्षी त्यांनी साठ मेंढ्या कमी भावात विकल्या. गेल्या वर्षी धाकट्या मुलाच्या सगळ्याच विकल्या. तो आता चाकणला कंपनीत कंत्राटावर आहे. त्याचं वाईट झालं असं मी म्हणत नाही, त्याला कदाचित तेच हवं असेल. पण ते त्यानं ठरवायचं होतं.

मेंढ्या बसवणं म्हणजे काय हे आपल्याला माहीत असेलच, तरी शहरातले वाचणारे आहेत म्हणून लिहिते. सुगी झाली की रिकाम्या रानात वाघर, म्हणजे जाळी, लावून मेंढ्या रात्रभर कोंडतात. लेंडी आणि मूत थेट मातीत. पूर्वी त्याचे दाणे द्यायचो, आता रोख देतो. एकदा मेंढ्या बसल्या की दोन-तीन वर्षं रान हाताला वेगळं लागतं. गेली दोन वर्षं माझ्या रानात मेंढ्या बसल्या नाहीत. तेवढ्यासाठी प्रत्येकी १,३५० रुपयांची डीएपी खताची पोती जास्त आणली, आणि ज्वारी तरी तेवढीच झाली. सौर प्रकल्पाचा फायदा-तोटा मांडताना हा खर्च कुठल्या रकान्यात जातो, तेवढं कुणीतरी सांगावं.

आता हरणांबद्दल. आम्ही हरणंच म्हणतो. काळे नर आणि तांबूस माद्या मिळून चाळीस-पन्नासचा कळप आमच्या माळावर माझ्या लग्नाआधीपासून आहे. झाडी झाली की काळवीट तिथं थांबत नाही. त्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर असतो, लांबचं दिसलं पाहिजे आणि पळायला मोकळं पाहिजे. म्हणून २०१८ ची लागवड झाली त्या ३० एकरांत, जिथं आधी सलग चर खणले आणि मग गिरीपुष्प दाटीनं लावलं, तिथं ती आता पाऊल टाकत नाहीत. त्या लागवडीत शाळेच्या पोरांबरोबर मीही होते, हौसेनं. गवताच्या जागी झाड लावणं हे नुकसान असू शकतं, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. गिरीपुष्पाचा पाला शेळी नाइलाजानं खाते, मेंढी तोंडही लावत नाही. वर तीन वर्षं चराईबंदी होती ती वेगळीच.

राहिलेल्या माळावर हरणांची एक वाट होती. गाडीवाट नव्हे, खुरांची वाट. ओढ्याकडून वर यायची, दोन हिवरांच्या मधून जायची आणि पलीकडे पाझर तलावाला उतरायची. हातभर रुंद, गवत आलं तरी न बुजणारी. ती वाट आज जाळीला येऊन थटते. जाळीच्या पलीकडे दोन-चार हात ती पुढे गेलेलीही दिसते, मग पॅनेलच्या खांबांखाली हरवते. आणि जाळीच्या अलीकडून, कुंपणाला अगदी चिकटून, नवी वाट पडली आहे. पूर्ण कुंपणाला वळसा घालून ती जवळपास दीड किलोमीटर जाते, आणि त्यातला बराच भाग डांबरी रस्त्याच्या कडेनं. हरीण उंच उडी मारतं हे खरं. पळताना माद्या माणसाच्या उंचीची उसळी सहज घेतात. पण ती उसळी मोकळ्या रानातली. आठ फुटी जाळी आणि वर काटेरी तार दिसली की ती थबकतात आणि कडेकडेनं चालत सुटतात. गेल्या पावसाळ्यात त्या डांबरी रस्त्यावर मी स्वतः दोन मेलेली पाहिली. एक पाडस होतं, नाळ अजून वाळलेली नव्हती.

आणखी एक सांगते, ऐकायला बारीक वाटेल. नर काळवीट आपल्या हद्दीत ठरावीक जागीच लेंड्या टाकतो. वर्षानुवर्षं एकाच जागी, मोठा ढीग होतो. तिथं तो उभा राहतो, दुसऱ्या नराला हाकलतो, माद्या तिथं येतात. असे तीन ढीग आमच्या माळावर मला पाठ होते. तिन्ही आता कुंपणाच्या आत आहेत. गेल्या फाल्गुनात एक काळाकुट्ट नर सकाळी सकाळी जाळीबाहेर, त्यातल्या एका ढिगाच्या नेमक्या समोर, मान वर करून उभा होता. मी पाणी धरायला गेले तेव्हाही तिथंच, परत आले तेव्हाही तिथंच.

हे सगळं वाचून मी हरणांच्या प्रेमात आहे असं वाटेल. तसं नाही. माझं अडीच एकर रान त्या कुंपणाला लागून आहे आणि गेल्या दोन रब्बी हंगामांत मला हरणांनी रडवलं आहे. पूर्वीही ती यायची. पेरा उगवला की रात्री कडेच्या चार-सहा ओळी खायची आणि उजाडायच्या आत माळावर जायची. आम्ही त्याला हरणाचा वाटा म्हणायचो, वैतागूनच म्हणायचो, पण धरून चालायचो. आता उजाडलं तरी जायला माळ नाही. मग ती रानातच राहतात. दिवसा तुरीच्या कडेला बसतात आणि संध्याकाळी हरभऱ्यात. यंदा एका एकराला दोन पोती हरभरा निघाला.

भरपाईचा अर्ज केला. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत कळवायचं असतं, ते कळवलं. पंचनाम्याला आलेले कर्मचारी चांगले होते. शेंडे खाल्लेला हरभरा बघून म्हणाले, “ताई, शेंडे तर तुम्हीही खुडता. उलट फुटवा चांगला होईल.” बरोबर आहे. आम्ही खुडतो, पण एकदा, फुलं यायच्या आत. हरणं घाटे भरेपर्यंत रोज खुडतात. पंचनामा मात्र एकदाच होतो, आणि तोही पीक हिरवं दिसत असताना.

याचा पुढचा टप्पा काय असतो ते आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. ज्यांना परवडतं त्यांनी कुंपणाच्या तारेतून सौम्य धक्का देणारं झटका मशीन बसवलं. ज्यांना परवडत नाही त्यातल्या एक-दोघांनी रात्री तारेला थेट लाइन जोडायला सुरुवात केली आहे. मी त्यांना सांगितलं, ग्रामपंचायतीत विषय काढला. एखाद्या रात्री त्या तारेला माणूस चिकटेल, बहुधा पाणी धरायला निघालेला कुणीतरी शेजारीच. काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारला तर तीन ते सात वर्षं शिक्षा. म्हणजे हरणाच्या अंगाला हात लावला तर शेतकरी तुरुंगात, आणि हरणाच्या पायाखालचे साठ एकर काढून घेतले तर त्याला कुठलाच कायदा आडवा येत नाही.

खरोखरच येत नाही, मी विचारून पाहिलं. गायरान महसूल खात्याचं, वनजमीन नाही, म्हणून वनसंवर्धनाचा कायदा लागत नाही. २००६ च्या अधिसूचनेनं ज्या प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी घ्यावी लागते त्यांत सौर प्रकल्प नाहीत, म्हणून परिणामांचा अभ्यास नाही आणि जनसुनावणीही नाही. वनरक्षक म्हणतात, जनावर आमचं पण जागा महसूलची. महसूलवाले म्हणतात, जागा आमची पण जनावर वनखात्याचं. तेवढ्यात कुंपण उभं राहिलं.

मी माझ्याकडूनही एक पाप सांगून टाकते. सरकारी अनुदानातून मी शेततळं केलं, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. गेल्या मे महिन्यात सकाळी गेले तर त्यात एक मादी तरंगत होती. पाझर तलावाची वाट बंद, म्हणून माझ्या तळ्यावर आली. कागदावर चारी बाजूंनी खुरांच्या रेघा होत्या, पाण्यापासून वर हातभर, सगळ्या एकाच उंचीपर्यंत. रात्रभर फिरली असणार. त्यानंतर मी जुन्या गोण्या नायलॉनच्या दोरात शिवून दोन पट्टे तळ्यात सोडले, वर खुंटीला बांधून. तीनशे रुपये लागले. अनुदानाच्या अटींत कागद किती जाडीचा हवा हे आहे, हे नाही.

पैशाचंही बोलू. प्रकल्पाच्या बदल्यात ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख याप्रमाणे तीन वर्षं अनुदान. खरं सांगायचं तर त्या आकड्यावरच आमच्या सह्या झाल्या. शाळेचं छप्पर आणि एक रस्ता त्यात होईल, होऊ दे. पण वीज खरेदीचा करार २५ वर्षांचा आहे. चौथ्या वर्षापासून गावाला काय? खासगी शेतकऱ्यानं याच कामाला जमीन दिली तर त्याला हेक्टरी सव्वा लाख वर्षाला मिळतात आणि दर वर्षी त्यात वाढ होते. गायरान मात्र नाममात्र भाड्यानं जातं. म्हणजे गायरान निवडलं जातं ते योग्य आहे म्हणून नाही, फुकट आहे म्हणून.

कुणी म्हणेल, ही बाई विजेच्या विरोधात आहे. साहेब, हा प्रकल्प शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी आहे हे मला ठाऊक आहे. मी आठ वर्षं रात्री दीड-दोन वाजता मोटार चालू करायला गेले आहे. एका हातात बॅटरी, एका हातात काठी. माझ्या दिराला पाणी धरतानाच साप चावला, वाचला. दिवसा वीज मिळणं म्हणजे काय ते मला कुठल्याही पत्रकानं शिकवायला नको. म्हणूनच विचारते, कालव्याच्या लाभक्षेत्रात पाणी देऊन देऊन चोपण झालेल्या जमिनी आहेत, त्यांचे मालक भाड्यानं द्यायला एका पायावर तयार आहेत. तिथं गवतही उगवत नाही. तिथं पॅनेल का नाहीत?

आणि मी अभयारण्यही मागत नाही. हे ठळकपणे लिहिते, कारण ‘हरणं’ म्हटलं की गावात पहिली भीती तीच. आमच्या पट्ट्याला तो अनुभव आहे. १९७९ मध्ये माळढोकसाठी सोलापूर-नगर भागात ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं होती, बाजारपेठा होत्या, बागायत होती. लोकांच्या जमिनींचे व्यवहार अडकले, आणि एका पक्ष्याबद्दल गावोगावी राग साठला. पुढे ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळढोक जवळपास दिसेनासा झाला होता. दुसरं टोक रेहेकुरीचं. नगरकडच्या कर्जत तालुक्यातलं काळवीट अभयारण्य, १९८० चं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. चांगलं राखलं आहे, पण तेवढ्यात हरीण मावत नाही, ते आजूबाजूच्या रानांत आणि माळांवर फिरणारच. या पट्ट्यातली हरणं टिकली ती गायरानांवर, मुरमाड पडीवर, ज्वारीच्या रानांवर. कुठल्याही पाटीशिवाय. त्या व्यवस्थेला नाव नव्हतं, म्हणून ती मोडताना कुणाची परवानगी लागली नाही.

गंमत म्हणजे हे २०२६ साल संयुक्त राष्ट्रांनी चराऊ कुरणांचं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. शेजारच्या पुणे जिल्ह्यात कडबनवाडीला वनखातं माळरान सफारी चालवतं, लोक पैसे देऊन चिंकारा बघायला जातात. म्हणजे माळाला किंमत आहे हे सरकारला ठाऊक आहे. ती आमच्या तालुक्याच्या हद्दीवर येऊन का संपते, हा माझा प्रश्न आहे.

माझ्या मागण्यांतली मुख्य मागणी आपल्या अधिकारातलीच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ प्रमाणे चराईसाठी राखलेली जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आणि गावाच्या सामाईक जमिनी सहजासहजी दुसऱ्याच्या घशात जाऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात सगळ्या राज्यांना बजावलेलं आहे. तो निकाल बेकायदा कब्ज्यांबद्दल होता हे मी जाणते. आमच्या माळावर झालेला कब्जा कायदेशीर आहे, एवढाच फरक.

१. दुसऱ्या टप्प्यातल्या ७० एकरांचा प्रस्ताव थांबवा. रद्दच करा असं आज म्हणत नाही. आषाढ ते कार्तिक या काळात नव्यानं पाहणी करा, मेंढपाळ गावात असताना ग्रामसभा घ्या, आणि त्या ग्रामसभेत त्यांचं म्हणणं इतिवृत्तात शब्दशः लिहा. पहिल्या ठरावावरची माझी सही मी मागे घेत आहे, तसा अर्ज सोबत दिला आहे. कायद्यानं ती मागे घेता येते की नाही ते आपण ठरवा.

२. आहे त्या कुंपणातून जुन्या वाटेवर तीस मीटरचा पट्टा मोकळा सोडा, ओढा ते पाझर तलाव. त्यासाठी थोडी पॅनेल हलवावी लागतील.

३. पॅनेलखाली गवत वाढतं म्हणून मजूर लावतात, वर तणनाशक मारतात. तेच गवत खायला बाहेर मेंढ्या उभ्या आहेत. पावसाळ्याचे चार महिने ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कुटुंबांच्या मेंढ्या आत सोडू द्या. मजुरीही वाचेल. शेळ्या नकोत, शेळी वायर सोडणार नाही हे मीच सांगते.

४. पीकनुकसानीचा पंचनामा एका भेटीत संपवू नका. उगवण आणि दाणे भरताना, दोनदा करा. कुंपणाला लागून असलेल्या चौदा खातेदारांसाठी एवढं तरी.

५. शेततळ्याच्या अनुदानात चढून यायला पट्टा किंवा शिडी ही अट घाला. आजपर्यंत झालेल्या तळ्यांनाही.

६. गावच्या जैवविविधता नोंदवहीत वड, पिंपळ, आंबा, मोर आहेत आणि एकाही गवताचं नाव नाही. ती वही बाहेरच्या संस्थेनं दोन दिवसांत, कचेरीत बसून भरली. ती पुन्हा करा. गवतांची नावं मामांकडून घ्या, त्यांना चौदा-पंधरा सहज सांगता येतात. आणि उरलेल्या माळावर यापुढे झाडं लावू नका, कुणीही कितीही कोटींची मोहीम काढली तरी.

पाहणीला आपण स्वतः यावं अशी विनंती आहे. नागपंचमीच्या आसपास आलात तर गवत गुडघ्याला असेल आणि सगळे वाडे गावात असतील. सकाळी सातच्या आत पोचलात तर कळप ओढ्याकडच्या उतारावर दिसेल. गाडी शाळेपाशीच लावावी लागेल, पुढं चालत. दिवाळीच्या तोंडावर येणार असाल तर मात्र चप्पल नको, बूट घालून या. कुसळी पिकलेली असते.

आपली,
एक शेतकरी आणि ग्रामपंचायत सदस्य
(नाव, गट क्रमांक आणि दोन्ही पोचपावत्यांच्या प्रती आपल्या कार्यालयात दिलेल्या अर्जासोबत आहेत.)